मालवणची होडी आणि कोल्हापूरचा उन्हाळा

होडी बावीस फूट लांब, चार फूट रुंद, एका अंगाला उलांडी, म्हणजे तोल राखणारा तरंगता ओंडका, बांधून जाळी टाकायला जाणारी. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरून ती ट्रकवर लादून करूळ घाटाने वर आली आणि गगनबावडा रस्त्यालगतच्या एका हॉटेलच्या अंगणात शोभेसाठी ठेवली गेली. निघाली तेव्हा ती थोडी गळत होती, पण चालती होती. करवीर तालुक्यात दोन उन्हाळे काढल्यावर तिच्या फळ्यांमधून पलीकडचा रस्ता दिसू लागला. मग फटींत इपॉक्सी पुट्टी भरली गेली, बाहेरून फायबर चढवलं गेलं, तळात सिमेंट ओतलं गेलं. प्रत्येक उपायानंतर ती आणखी बिघडली. मालकाला आता ती मागच्या शेततळ्यात तरंगती हवी होती.

मालवणची होडी घाटावर कशाला, असं वाटेल. पण सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर एके काळी कोल्हापूरच्याच छत्रपतींकडे होतं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पुढे तो परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचं ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. तेव्हा या दोन गावांचं नातं फक्त रविवारच्या सुरमईपुरतं नाही.

लाकडात लिहिलेला इतिहास

या होडीचा एकही कागद नव्हता. जे कळलं ते फायबर खरवडल्यावर लाकडातून कळलं.

खिळे तीन पिढ्यांचे निघाले. पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि त्याला लागून असलेल्या दोन फळ्या हाताने घडवलेल्या चौकोनी खिळ्यांनी बसवलेल्या होत्या. वरच्या तीन फळ्यांना बाजारातले गोल तारेचे खिळे होते, म्हणजे त्या नंतर बदललेल्या. मागच्या टोकाला तर स्क्रू होते. तिथे आउटबोर्ड इंजिन टांगण्यासाठी लोखंडी ब्रॅकेट बसवलेलं होतं. पुढून तिसऱ्या वांकाजवळ (वांक म्हणजे फळ्यांना आतून धरणारी वाकडी बरगडी) पठाणावर एक चौकोनी खाच लाकडाचा ठोकळा मारून बुजवलेली सापडली. डोलकाठीचं बूड तिथे बसत असणार. शीड गेलं, इंजिन आलं, खाच बुजली. उजव्या काठाच्या लाकडावर बोटभर रुंद घळ्या पडल्या होत्या, डाव्या काठावर एकही नाही. जाळं कायम उजवीकडूनच ओढलं जाई, आणि उलांडी डावीकडे होती.

खालच्या दोन फळ्यांत टेरेडोची भोकं होती, आतून चुन्यासारखं पांढरं अस्तर असलेली. हा लाकूड पोखरणारा समुद्री प्राणी खाऱ्या पाण्यातच जगतो. गोड्या पाण्यात आणि कोरड्या जमिनीवर तो मरतो, म्हणून ही भोकं जुनी आणि थांबलेली होती. घाटावर आल्याचा एवढा एकच फायदा.

लाकूड मिश्र होतं: पठाण आणि खालच्या फळ्या सागाच्या, वरच्या काही आंब्याच्या, वांक वेगवेगळ्या झाडांच्या नैसर्गिक बाकाचे. ज्या घरात पैसा बेताचा असतो तिथली होडी अशीच असते. पाण्याखाली साग, वर जे परवडेल ते. दुरुस्तीच्या वेळी सगळी होडी सागाची करून टाकू या, असा मोह मालकाला झाला होता. तो टाळला गेला हे बरं झालं.

नेमकं काय बिघडलं

कोकणात लाकडी होडीचं वर्ष पावसावर बेतलेलं असतं. जूनच्या तोंडावर ती वर ओढायची, झापांनी शाकारायची, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा पाण्यात घालायची. महाराष्ट्रात आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पण होड्या वर ओढण्याची रीत त्या नियमाहून जुनी आहे. तिचा दुसरा अर्थ असा की लाकूड जमिनीवर असतं तेव्हा हवा दमट असते आणि हवा कोरडी होते तेव्हा लाकूड पाण्यात असतं. होडी वर्षभरात कधीच वाळत नाही.

कोल्हापुरात नेमकं उलटं झालं. मार्च ते मे होडी उन्हात आणि पावसाळ्यात उघड्यावर, पोटात पाणी साठवत.

आकड्यांत सांगायचं तर, साग एक टक्का ओल सोडतो तेव्हा साध्या चिरलेल्या फळीची रुंदी सुमारे ०.१८ टक्के घटते. पाण्यात मुरलेली २०० मिलिमीटर रुंदीची फळी २८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली की साडेसहा मिलिमीटर आकसते. ओलमापकाने दक्षिणेकडच्या वरच्या फळ्यांत ९ टक्के ओल दाखवली. तिथल्या फटी पाच ते सात मिलिमीटर होत्या. हिशेब जुळतो.

फटी उन्हाळ्यात बघितल्या आणि उन्हाळ्यातच भरल्या, हा खरा घात. पुट्टी दगडासारखी कडक झाली. पावसात फळ्या फुगल्या, पण फुगायला जागा उरली नव्हती. मग फळ्यांच्या कडा चिरडल्या, खिळे वांकातून उपसले गेले आणि सहा वांक मधोमध तडकले. पुढच्या उन्हाळ्यात फळ्या पुन्हा आकसल्या, पण आता कडा चिरडलेल्या, त्यामुळे फट आधीपेक्षा मोठी. फायबरचंही तसंच. पॉलिएस्टर रेझिन सागाच्या तेलकट अंगाला नीट धरत नाही, आणि खालचं लाकूड हलत राहिलं की ते पापुद्र्यासारखं सुटतं. सुटलेल्या पापुद्र्यामागे पावसाचं पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नाही.

सिमेंटखाली ओल २८ टक्के निघाली. २० टक्क्यांच्या वर लाकूड सतत राहिलं की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. समुद्रात हेच लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, कारण मीठ बुरशीला आवरतं. पावसाचं गोडं पाणी ते मीठ धुऊन नेतं. वांकांचे खालचे टोक, जिथे पाणी साठतं, तिथे चौदापैकी पाच वांकांत टोच्या बोटभर आत जात होता.

होडी मधोमध ट्रकच्या टायरांवर ठेवलेली होती, दोन्ही टोकं अधांतरी. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणली तर पुढचं टोक ३८ मिलिमीटर खाली आलेलं. शिवाय पठाणाची मागची बाजू काळ्या मातीला टेकलेली. तिथून वाळवी चढली आणि आंब्याच्या दोन फळ्या आतून पोकळ केल्या. सागाच्या गाभ्याला तिने तोंड लावलं नाही.

पठाण आणि वांक

काम पावसाळा संपताना सुरू झालं, आणि तेही छपराखाली. आधी फायबर, पुट्टी, सिमेंट काढलं. फायबर हीट गनने मऊ करून पटाशीने सोलावं लागतं. ग्राइंडर लावला तर लाकूडही जातं आणि धूळ फुप्फुसात. सिमेंट हातोड्याने ठोकून नाही, खालून पाचर घालून उचकटलं, कारण वरून घाव घातला की पठाणाचे सांधे हलतात.

मग होडी पाच ठिकाणी टेकवली आणि पुढचं टोक जॅकने उचलायला घेतलं. आठवड्याला पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, आणि तेही पठाणावर ओली गोणपाटं घालून लाकूड मऊ ठेवत. ३८ पैकी २६ मिलिमीटर परत मिळाले. मग पठाणातून करकर आवाज येऊ लागला आणि तिथेच थांबलं गेलं. उरलेले १२ मिलिमीटर ही होडीची नवी ठेवण मानली. ते ओढायला जाऊन पठाण फुटला असता तर होडीच संपली असती.

वांक चौदा. नऊ बदलायचे होते: पाच कुजलेले आणि तडकलेल्या सहापैकी चार. उरलेल्या दोन तडकलेल्यांना शेजारी जोडवांक दिला. सगळे वांक एकदम काढले तर होडी आपला आकार विसरते, म्हणून एक आड एक. जुना काढण्याआधी सहा मिलिमीटर प्लायचा साचा कापून घ्यायचा आणि तो जागेवर तपासायचा.

नव्या वांकांना बाभूळ घेतली. बैलगाडीची चाकं करणारे सुतार कोल्हापूर भागात अजून आहेत, आणि बाभळीचा बाक कुठे शोधायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. फांदी जिथे खोडातून निघते तिथला नैसर्गिक वाक साच्यावर ठेवून निवडला. सरळ फळीतून वाकडा तुकडा कापला तर त्याचे तंतू वळणाशी तुटतात आणि पहिल्याच धक्क्याला वांक तिथे फाटतो. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला घुण लागतो, म्हणून ते तासून टाकलं आणि तुकडे दीड महिना विहिरीत बुडवून ठेवले. गाडीच्या सुतारांची ही रीत होडीलाही लागू पडली.

फळ्या आणि खिळे

बारा फळ्यांपैकी चार पूर्ण बदलल्या: वाळवीने खाल्लेल्या दोन आणि कडा चिरडलेल्या दोन. एक फळी २२ फूट बाय ८ इंच बाय १ इंच, म्हणजे सव्वा घनफुटाच्या जरा आत. चारांना पाच घनफूट लागतं असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात आठ घनफूट घ्यावं लागलं, कारण होडीची कुठलीही फळी सरळ नसते. सपाट पसरली तर ती केळीच्या आकाराची निघते आणि दोन्ही कडेचं लाकूड वाया जातं.

साग जुन्या वाड्यांच्या तुळयांचा घेतला. तो मुरलेला असतो, पण फार कोरडा, आणि पोटात खिळे लपलेले असतात. चिरायच्या आधी चुंबक फिरवला नाही तर आऱ्याचं पातं जातं. वाड्याचा साग ९ टक्के ओलीवर आहे तसाच घट्ट बसवला असता तर पाण्यात फुगून पुन्हा तीच कथा झाली असती. म्हणून चिरलेल्या फळ्या छपराखाली, खाली ओली वाळू पसरून, १५ टक्क्यांपर्यंत येऊ दिल्या. बावीस फुटी सलग लाकूड दोनच फळ्यांना मिळालं. बाकी दोन फळ्या एकास आठ तिरक्या सांध्याने जोडल्या आणि जोड शेजारच्या फळीच्या जोडापासून तीन वांक दूर ठेवले. नाळेकडच्या वळणासाठी पत्र्याच्या पेटीत वाफ दिली, इंचाला एक तास. पेटीतून काढल्यावर दोन-तीन मिनिटांत फळी शिकंज्यांनी बसली पाहिजे. पाचव्या मिनिटाला ती वळत नाही, तुटते.

खिळ्यांवर बराच खल झाला. तांब्याचे खिळे टिकाऊ, पण होडीत जुने लोखंडी खिळे बरेच राहणार होते. दोन धातू ओल्या लाकडात शेजारी आले की लोखंड झिजतं, समुद्रात झपाट्याने, गोड्या पाण्यात सावकाश. म्हणून लोखंडच ठरलं. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत पाच मिलिमीटर चौकोनी सळीतून खिळे घडवून घेतले आणि वितळलेल्या जस्तात बुडवून आणले. विजेच्या मुलाम्याचे चकचकीत खिळे इथे कामाचे नाहीत, त्यांचा थर फार पातळ असतो. लांबी ९० मिलिमीटर: फळी २५, वांक ५०, उरलेलं टोक आतून वळवायला. वळवताना ते लाकडाच्या तंतूंना आडवं वळवलं की पकड वाढते. चौदा वांक, बारा फळ्या, प्रत्येक ठिकाणी दोन, असे ३३६ होतात. पठाण, टोकं आणि वाकडे जाणारे धरून साडेचारशे सांगितले. जुने चांगले खिळे राहिले म्हणून त्यातले बरेच उरले.

कुठला जुना खिळा राहू द्यायचा, हे वरून कळत नाही. डोकं शाबूत आणि मधली कंबर दाभणाएवढी झालेली, असं सर्रास दिसतं. प्रत्येक फळीतून दोन खिळे उपटून पाहिले. भोवतीचं लाकूड काळं आणि मऊ झालं असेल तर त्या फळीचे सगळे काढले. लोखंडाच्या गंजाने लाकूडच सडलेलं असतं, त्या भोकात नवा जाड खिळा मारून उपयोग नाही. जुनं भोक सागाच्या निमुळत्या खुंटीने बुजवायचं आणि नवं भोक निदान दोन बोटं बाजूला.

मागचं इंजिनाचं ब्रॅकेट काढलं. इंजिनाच्या ओढीने मागचं टोक पिळलं होतं, आणि शेततळ्यात इंजिन कशाला? डोलकाठीची बुजवलेली खाच मात्र तशीच ठेवली, उकरली नाही.

सांधे

जुन्या सांध्यांतून राळ आणि तेलात भिजवलेला कापूस निघाला, काही ठिकाणी अजून चिवट. पद्धत तीच ठेवली. फळ्यांच्या कडा आतून भिडलेल्या आणि बाहेरून तीन मिलिमीटर उघड्या, अशी इंग्रजी व्हीसारखी खाच. खाचेला आधी जवसाचं तेल पाजायचं, नाहीतर कोरडं लाकूड पुट्टीतलं तेल शोषून घेतं आणि पुट्टी भुगा होऊन पडते. मग कापसाची सैल वळलेली वात बोथट छिन्नीने आणि लाकडी हातोड्याने बसवायची, फळीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत. सुमारे ऐंशी मीटर सांध्याला दीड किलो कापूस गेला.

इथे जोर करणारा हात नको. कापूस ठासून भरला की पाण्यात तो आणि लाकूड दोन्ही फुगतात आणि फळी वांकावरून सुटते. वात बोटाने दाबली तर किंचित दबली पाहिजे. वर खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची पुट्टी, किलोला दोनशे मिलिलिटरच्या आसपास तेल. ती काठोकाठ न भरता थोडी खोलगट ठेवायची. फळ्या फुगल्या की ती स्वतःच वर येते.

आतून रंग दिला नाही. तळाला जाड रंग म्हणजे पुन्हा कोंडलेली ओल. पाण्याच्या रेषेच्या वर बोरॅक्स-बोरिक आम्लाचं द्रावण, ते सुकल्यावर सगळीकडे काजूच्या टरफलाचं तेल, पातळ दोन हात. हे तेल कातडी भाजतं, हातमोजे लागतातच. बाहेर साधा ऑइल पेंट. समुद्री होड्यांच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांविरुद्ध तांबं असलेला रंग देतात. शेततळ्यात कटला-रोहू सोडलेले होते, आणि तांबं माशांना विष. तो रंग बाद झाला.

उलांडी

उलांडी किनाऱ्यावरच राहिली होती. मालकाला ती शोभेची वाटली, म्हणून आणली नव्हती. चार फूट रुंदीची ही होडी तिच्याशिवाय माणूस काठावर उभा राहताच कलंडते.

दोन्ही तोंडं बंद केलेला पीव्हीसी पाइप लावू या, अशी सूचना आली. पाइप तरंगतो हे खरं. पण उलांडी दोन कामं करते: होडी तिच्या बाजूला कलली की ती पाण्यातून वर रेटते, आणि उलट बाजूला कलली की आपल्या वजनाने खाली ओढते. रिकाम्या पाइपला दुसरं काम जमत नाही. म्हणून पांगाऱ्याचा दहा फुटी, सात इंच व्यासाचा ओंडका दोन्ही टोकं निमुळती करून घेतला. सुका पंचवीस किलोच्या आत, पूर्ण बुडाला तर पन्नास किलोच्या आसपास उचल. तो दोन आडव्या वाशांना काथ्याच्या दोरीने बांधला, बोल्ट मारला नाही. लाटेवर किंवा माणूस चढताना जोड थोडा हलला पाहिजे. घट्ट बोल्टाशी वासा तुटतो. काथ्या ओला करून आवळावा लागतो आणि आठवड्याने पुन्हा.

पाण्यात

सुरुवातीला एक चूक होता होता राहिली. फळ्या फुगाव्यात म्हणून जमिनीवरच होडी पाण्याने भरायची तयारी झाली होती. काठोकाठ भरली तर यात अडीच टन पाणी मावतं. बाहेरून पाण्याचा आधार नसताना ते वजन प्रत्येक सांधा उघडायला बघतं. त्याऐवजी आतून ओली गोणपाटं अंथरून ती दिवसातून तीनदा भिजवली. दहाव्या दिवशी बहुतेक सांधे मिटले.

शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद पठाणाने फाटला असता. म्हणून उतारावर साखर कारखान्याच्या भंगारातले कन्व्हेअर बेल्टचे जुने पट्टे टाकून त्यांवरून होडी सरकवली. पहिल्या दिवशी ती भरभरून गळली, आणि हे अपेक्षितच होतं. पट्ट्यांत लटकवूनच ठेवली आणि पंपाने पाणी काढत राहिले. चौथ्या दिवशी गळती दिवसाला एक बादलीवर आली. गोड्या पाण्यात होडी जास्त बुडेल अशी धास्ती होती. चार माणसांसह या होडीला तो फरक तीन-चार मिलिमीटरचा पडतो, म्हणजे नगण्य.

पंचगंगेत का नाही, हा प्रश्न गावकऱ्यांनी विचारला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले-काढले की नदीची पातळी झटक्यात बदलते, होडी गाळात बसते आणि उन्हात सुकते. आणि २०१९ व २०२१ चा महापूर पाहिलेल्या नदीकाठी दोरीला बांधलेली होडी पावसाळ्यात ठेवता येत नाही.

आता तिचं वर्ष असं आहे: सप्टेंबरात तेल आणि सांध्यांची पाहणी, ऑक्टोबरला पाण्यात, मेअखेर बाहेर. पाऊसभर छपराखाली, पाच टेकूंवर, जमिनीपासून दीड फूट वर, भोवती वाळवीसाठी तपासणीची मोकळी जागा. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उसाला सोडताना निदान तीन फूट शिल्लक ठेवायचं, ही एकच अट मालकाला जड जाते. टेरेडोची भोकं असलेल्या खालच्या दोन फळ्या बदललेल्या नाहीत. त्यांच्यात टोच्या अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त शिरला, की त्या सप्टेंबरात त्यांची पाळी.